काळी न पडणारी जर

(बऱ्हाणपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



स्मृतिव्याख्यानात गेलेल्या माणसाचे गुणगान करावे असा आपल्याकडे रिवाज आहे. मला वाटते, त्याने ज्या गोष्टींवर जीव लावला त्यांविषयी बोलणे हे अधिक बरे. ज्यांच्या नावाने आपण इथे दरवर्षी जमतो त्यांचा जीव या गावावर होता, गावातल्या जुन्या भिंतींवर होता आणि हाताने काम करणाऱ्या माणसांवर होता. म्हणून आजचा विषय कारागिरीचा घेतला आहे. त्यात चीनच्या बादशाही भांड्यांची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. तापीकाठच्या श्रोत्यांना जरीची गोष्ट सांगावी, कापसाची सांगावी. चिनी मातीची कशाला? उत्तर असे की या दोन गोष्टी एकाच माणसाच्या लेखनात शेजारी येऊन बसल्या आहेत, आणि तो माणूस आपल्या गावात येऊन गेलेला आहे.

त्याचे नाव विल्यम हॉकिन्स. इंग्लंडच्या राजाचे पत्र घेऊन हा जहाजी कप्तान १६०८ साली सुरतेला उतरला आणि १६०९ च्या फेब्रुवारीत बऱ्हाणपुरात पोचला. तेव्हा इथे दख्खनचा सुभा अब्दुर्रहीम खानखाना सांभाळत होता. हॉकिन्सला तुर्की येत होती, खानखानालाही येत होती. दुभाष्यावाचून दोघे तासन् तास बोलले. खानखानाने त्याला मेजवानी दिली, बादशहाच्या नावे शिफारसपत्र दिले आणि निरोप देताना दोन वस्त्रे दिली. त्यातले एक उंची लोकरीचे होते, दुसरे जरीचे.

पुढे हाच हॉकिन्स आग्र्याला जहांगीरच्या दरबारी अडीच वर्षे राहिला आणि तिथली एक हकीगत त्याने लिहून ठेवली. जहांगीरची एक आवडती चिनी थाळी होती. प्रवासात सामान वाहणारा उंट पडला आणि इतर वस्तूंबरोबर ती फुटली. ज्या सरदाराच्या ताब्यात ती होती तो घाबरला. बादशहाला आठवण होण्याआधी तशीच दुसरी आणून ठेवावी म्हणून त्याने आपला विश्वासू माणूस खुश्कीच्या मार्गाने चीनला धाडला. माणूस परतला नाही, आणि दोन वर्षांनी बादशहाला थाळी आठवली. सरदाराला १२० फटके बसले. मग चोपदारांनी काठ्या मोडेपर्यंत मारले. मेला असे समजून त्याला पाय धरून ओढत नेले. जिवंत आहे असे कळल्यावर जन्माची कैद फर्मावली. शाहजाद्याने रदबदली करून त्याला सोडवले. दोन महिन्यांनी तो बरा होऊन हजर झाला, तेव्हा हुकूम झाला की तशी थाळी मिळाल्याशिवाय तोंड दाखवू नये. वाटखर्चाला ५,००० रुपये दिले, आधीच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा परत केला आणि चीनची वाट दाखवली. सुदैवाने इराणच्या शहाकडे तशीच थाळी होती. त्याने दया येऊन ती देऊन टाकली, आणि हॉकिन्स आग्रा सोडत होता तेव्हा तो सरदार घराकडे परतत होता.

आता या हकीगतीत बारकाईने पाहा. बादशहाकडे पैसा होता, फौज होती, चाबूक होता. तरीही त्याच्या साऱ्या मुलखात ती थाळी घडवणारा एकही हात नव्हता. आणि इराणातली थाळी आग्र्याच्या थाळीची जोड ठरू शकली, कारण दोन्ही ज्या हातांतून आल्या त्या हातांनी ठरावीक दर्जाखाली माल बाहेर सोडलाच नव्हता. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच: राजाच्या आवडीने चैनीची वस्तू जन्माला येते, पण ती जगते पारखीवर. पारख गेली की राजा असून उपयोग नसतो. पारख टिकली तर राजा गेला तरी चालते.

आधी त्या थाळीच्या गावाला जाऊ. चीनच्या जिआंगशी प्रांतात चांग नदीकाठी जिंगदेझेन नावाचे गाव आहे. १००४ साली सोंग घराण्याच्या झेनझोंग सम्राटाने आपल्या कारकिर्दीचे नाव या गावाला दिले. गावाभोवतीच्या डोंगरांत दोन वस्तू मिळतात. एक विशिष्ट दगड, जो पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या उखळांत कुटून, गाळून त्याच्या पांढऱ्या विटा पाडतात; आणि दुसरी गाओलिंग डोंगराची पांढरी माती. दगड भट्टीत वितळून काचेसारखा होतो, माती त्याला आकार सोडू देत नाही. दोन्हींचा मेळ घालून सुमारे १,३०० अंश सेल्सिअसला भाजले की असे भांडे निघते, ज्यावर टिचकी मारली तर नाद येतो आणि ज्याच्या पातळ कडेतून उजेड दिसतो. निळ्या नक्षीसाठी लागणारा कोबाल्ट चौदाव्या-पंधराव्या शतकांत इराणकडून येत असे. म्हणजे ज्याला आपण शुद्ध चिनी समजतो त्या निळ्या रंगातही परदेशचा माल होता.

मिंग घराण्याच्या आरंभी इथे सरकारी भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांचे मोजमाप ऐकून छाती दडपते. १४३३ साली राजवाड्याने एकाच मागणीत ४,४३,५०० भांडी मागवली, सगळी ड्रॅगन आणि फिनिक्स यांच्या नक्षीची. एवढा माल एका माणसाच्या प्रतिभेवर निघत नाही, त्यासाठी कामाची वाटणी लागते. १६३७ साली सोंग यिंगशिंग या चिनी लेखकाने उद्योगधंद्यांवरच्या आपल्या ग्रंथात लिहिले की एक पेला तयार होईतो ७२ कामे होतात. १७१२ साली, जिंगदेझेनमध्ये वेळोवेळी मुक्काम करणाऱ्या द'आंत्रकोल या फ्रेंच पाद्र्याने आपल्या पत्रात जवळजवळ तेच सांगितले: एक भांडे सत्तर हातांतून जाते. काठाखालची रंगीत रेघ ओढणारा फक्त रेघ ओढतो. फुलांची कड आखणारा वेगळा, रंग भरणारा वेगळा. डोंगर आणि पाणी काढणाऱ्याने पक्ष्याला हात लावायचा नाही.

सत्तर हातांच्या कामाला एकसारखेपणा कोण देणार? तिथे पारख येते. शुआंदे सम्राटाच्या काळापासून, म्हणजे पंधराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून, सरकारी भांड्यांच्या बुडावर कारकिर्दीची मुद्रा पद्धतशीर दिसू लागते. आणि जे भांडे मुद्रेला शोभणार नाही ते? ते विकायचे नाही, कोणाला द्यायचेही नाही. फोडायचे आणि पुरायचे. जिंगदेझेनच्या झुशान टेकडीपाशी १९८० च्या दशकापासून झालेल्या उत्खननांत अशा फोडलेल्या भांड्यांचे ढिगारे मिळाले. तज्ज्ञांनी तुकडे जुळवून ती उभी केली. कुठे रंग किंचित पसरला होता, कुठे आकारात जरासा बाक होता. सामान्य डोळ्याला त्यांतले काही दोष दिसतही नाहीत. चेंगहुआ सम्राटाच्या काळचा कोंबडा-कोंबडीच्या चित्राचा एक इवलासा पेला २०१४ साली हाँगकाँगमध्ये २८ कोटी हाँगकाँग डॉलरांवर गेला. त्या किमतीत त्या पेल्याचे न फुटलेले नशीबही आहे आणि शेजारी फुटलेल्या भांड्यांचा हिशेबही.

हा माल हिंदुस्थानात आला आणि इथल्या दरबारांना त्याने वेड लावले. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत अकबराच्या मुदपाकखान्याची शिस्त सांगितली आहे: सोन्या-चांदीची ताटे लाल कापडात बांधायची, तांब्याची आणि चिनी मातीची पांढऱ्या कापडात, वर मुदपाकखान्याच्या अधिकाऱ्याची मोहोर. अकबरामागे राहिलेल्या खजिन्याच्या मोजदादीत चिनी मातीची आणि रंगीत काचेची भांडी मिळून २५ लाख रुपयांहून अधिक किमतीची होती. विष घातलेले अन्न वाढले की हिरवट चिनी थाळीला तडा जातो, अशी समजूत दख्खनच्या आणि उत्तरेच्या दरबारांत होती. बापावर मुलाचा भरवसा नसलेल्या घराण्यांत अशा थाळीला मोल येणारच. शाहजहानने तर आपल्या आवडत्या भांड्यांवर नाव कोरून घेतले. पंधराव्या शतकाच्या आरंभीची, द्राक्षवेलीच्या नक्षीची एक चिनी थाळी आज प्रसिद्ध आहे. तिच्यावर इराणच्या माहीन बानू या सफवी शाहजादीचे नाव आहे आणि बुडाच्या कडेवर शाहजहानचे, हिजरी १०५३ या सालासह, म्हणजे १६४३-४४. चिनी सम्राटाची भट्टी, इराणी शाहजादीचे घर, मोगल बादशहाचा दिवाणखाना असा तिचा प्रवास. काहींनी असल्या भांड्यांचा रंग भिंतीवरही आणला. दौलताबादच्या किल्ल्यातला चिनी महाल निळ्या-पांढऱ्या फरशांवरून ओळखला जातो. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर अबुल हसन कुतुबशहाला औरंगजेबाने तिथेच कैदेत ठेवले.

आता आपल्या गावी येऊ.

फारुकी घराण्याच्या नासिरखानाने १४०० च्या सुमारास बऱ्हाणपूर वसवले. दोनशे वर्षे ते खानदेशची राजधानी होते. राजा अलीखानाने बांधलेल्या जामा मशिदीत अरबीच्या शेजारी संस्कृत शिलालेख आहे, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. १६०१ च्या आरंभी असीरगड अकबराच्या हाती आला आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन मोहिमांचे ठाणे झाले. फौज आली, सरदार आले, रोख पैसा आला. सुरतेहून आग्र्याला जाणारा रस्ता गावातून जात होता. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील टॉमस रो इथे शाहजादा परवेझला भेटला. त्याच सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावात आणणारा कुंडी भंडारा खानखानाच्या काळात बांधला गेला. उखळांना पाणी नसते तर जिंगदेझेन झाले नसते, आणि रंगाऱ्याला, धुणाऱ्याला, बागेला, हमामखान्याला पाणी नसते तर बऱ्हाणपूरही झाले नसते. कारागिरीच्या इतिहासात राजांची नावे मोठ्या अक्षरांत असतात. पाणी आणणाऱ्यांची असायला हवीत.

इथे बादशाही कारखाना होता आणि त्याच्याभोवती विणकरांची, जरीची तार ओढणाऱ्या तारकशांची, रंगाऱ्यांची वस्ती होती. माल काय निघत होता हे झाँ-बाप्तिस्त ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सांगितले आहे. तो १६४१ साली आणि पुन्हा सतरा वर्षांनी इथून गेला. गाव बरेच मोडकळीला आलेले आणि घरे गवताने शाकारलेली दिसली, असे तो लिहितो. पण त्याच गावातून झिरझिरीत पांढरे कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात होते. काहींवर रंगीत फुले, ती बुरख्यांना आणि ओढण्यांना. काही बिनरंगी, त्यांत लांबीभर सोन्याची किंवा चांदीची एक-दोन रेघ आणि दोन्ही टोकांना बोटभरापासून बारा-पंधरा बोटांपर्यंत सोने, चांदी आणि रेशमाच्या फुलांचे विणकाम. त्याला उलटी बाजू नसे; दोन्ही बाजू सारख्याच देखण्या.

आणि मग ताव्हर्निए व्यापाऱ्याच्या भाषेत बोलतो. पोलंडला जाणाऱ्या मालाच्या टोकांना तीन-चार बोटे तरी सोन्या-चांदीचे काम हवे. आणि सुरतेहून होर्मुझपर्यंतच्या समुद्रात, पुढे त्रेबिझोंडहून काळ्या समुद्रापारच्या बंदरांकडे जाताना ते सोने-चांदी काळे पडले, तर मोठा तोटा सोसल्याशिवाय माल खपत नाही. म्हणून बांधणी अशी करावी की आत दमट हवा शिरता कामा नये.

पोलंडच्या गिऱ्हाइकाने बऱ्हाणपूर पाहिले नव्हते. त्याला खानखाना ठाऊक नव्हता, शाहजहानची आवडनिवड ठाऊक नव्हती. त्याची एकच अट होती: जर काळी पडता कामा नये.

ती काळी का पडते, हे जरीचे काम समजल्याशिवाय कळत नाही. आधी चांदीची कांडी घ्यायची. तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवायचा आणि तापवून, घासून तो चांदीशी एकजीव करायचा. मग पोलादी जंत्रीच्या भोकांतून ती ओढायची, मोठ्या भोकातून लहान भोकात, लहानातून आणखी लहान, केसासारखी तार होईतो. सोन्याचा गुण असा की चांदी कितीही लांबली तरी वरचे सोने तिच्याबरोबर ताणले जाते. ही तार हातोडीने चपटी केली की बादला होतो. तो रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला की कलाबतू, आणि तो मागावर जातो. प्रत्येक टप्प्याचा माणूस वेगळा. चांदीत तांबे जास्त मिसळले असेल किंवा वरचे सोने चोरले असेल, तर ते विणकराच्या नजरेला दिसत नाही, दुकानात दिसत नाही. दिसते ते समुद्राच्या खाऱ्या हवेत, महिन्यांनंतर, हजारो मैलांवर. म्हणजे फसवणूक गावात होते आणि नाव गावाबाहेर जाते.

यावरचा उपाय आपल्या पूर्वजांनी काढला होता. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदी सांगतात की देशी राजवटीत बऱ्हाणपुरी तार काढण्याचे काम सरकारी देखरेखीखाली होत असे, धातू शुद्ध राहावा म्हणून. जिंगदेझेनच्या भट्टीत जे फोडण्याने साधले, ते इथे तपासणीने साधले. सत्तर हातांच्या कामात एका हाताची लबाडी साऱ्यांना बुडवते, हे दोन्ही गावांना ठाऊक होते.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की मी सरकारी देखरेखीची आरती ओवाळतो आहे. तसे नाही. त्या पारखीच्या हातात चाबूक होता, हे विसरून चालणार नाही. सतराव्या शतकात हिंदुस्थानात राहिलेला बर्निए लिहितो की उमरावांच्या दारी कारागिरांसाठी कोरडा टांगलेला असे, आणि मोबदला मागणाऱ्याला तो दिसे. जिंगदेझेनमध्येही तेच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वानली सम्राटाने ड्रॅगनच्या नक्षीचे प्रचंड रांजण मागवले. ते भट्टीत टिकेनात. वसुलीवर आलेला दरबारी खोजा कुंभारांना छळू लागला. तेव्हा तोंग बिन नावाच्या कुंभाराने पेटत्या भट्टीत उडी घेतली. लोक सांगतात की त्यानंतर रांजण नीट भाजून निघाले. कुंभारांनी त्याला वाऱ्याचा आणि अग्नीचा देव करून त्याचे देऊळ बांधले. पुढे सरकारी भट्ट्यांचा नामांकित अधिकारी तांग यिंग याने त्याचे चरित्र लिहिले. बादशहाच्या ताटाखाली कोणाची राख आहे, हे त्या अधिकाऱ्याने निदान लपवले नाही.

आपल्या गावाची राख याहून जवळची आहे. १६३० ते १६३२ शाहजहान बऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल इथेच बाळंतपणात गेली, नदीपल्याड झैनाबादच्या आहूखान्यात तिला तात्पुरते दफन केले आणि वर्षाअखेर देह आग्र्याला नेला. ही गोष्ट आपण प्रत्येक पाहुण्याला सांगतो. जी सांगत नाही ती अशी: त्याच दोन वर्षांत गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. रस्त्याकडेला पडलेल्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले, शिवाय दर सोमवारी ५,००० रुपये वाटले, वीस सोमवारांत एक लाख. अकबराच्या चिनी भांड्यांच्या किमतीशी हा आकडा ताडून पाहावा. हाच मंडी १६३७ साली चीनच्या किनाऱ्यालाही जाऊन आला. हिंदुस्थानचा दुष्काळ आणि चीनचा व्यापार दोन्ही डोळ्यांनी पाहिलेल्या मोजक्या माणसांत तो बसतो. उंची मालाची वाट आणि भुकेची वाट कधीकधी एकच असते, हे त्याच्या रोजनिशीतून कळते.

म्हणून खरा प्रश्न असा: चाबकाशिवाय पारख टिकू शकते का?

जिंगदेझेनचे उत्तर हो असे आहे. सम्राटाच्या भट्ट्यांशेजारी तिथे खाजगी भट्ट्या चालत होत्या. त्या परदेशी व्यापाऱ्यांसाठी, देशातल्या शेतकऱ्यांसाठी, चहाच्या दुकानांसाठी माल काढत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तायपिंग बंडात गाव उद्ध्वस्त झाले, १९११ च्या क्रांतीनंतर सम्राटच गेला. गाव उरले. कारण त्याचे गिऱ्हाईक केवळ राजवाडा नव्हते, आणि घरगुती वाटीतही चांगले-वाईट ओळखणारे डोळे घरोघरी होते. २०१४ पासून युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत हस्तकलेसाठी जिंगदेझेनचे नाव आहे.

बऱ्हाणपूरचे काय झाले? दख्खनची सूत्रे औरंगाबादला गेली. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बहादूरपुरा लुटला. पुढे निजाम आला, १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर पेशवे आले, मग शिंदे, आणि १८६० च्या सुमारास इंग्रज. राज्ये बदलली याचे मला फारसे वाटत नाही. जिंगदेझेननेही राज्ये बदललेली पाहिली. घाव तीन ठिकाणी बसला. इराण आणि पोलंडकडची वाट आटली. रेल्वे आली आणि गिरणीचे कापड घेऊन आली. आणि कृत्रिम जर बाजारात शिरली, तेव्हा खरी कोणती आणि खोटी कोणती हे सांगणारी देखरेख उरली नव्हती. तारकशाचा हात शाबूत होता, पण त्याची ग्वाही देणारे कोणी नव्हते. तिसरा घाव मी सगळ्यांत खोल मानतो. आज आपले गाव यंत्रमागांचे आहे. हजारो कुटुंबे त्यावर जगतात आणि त्या कामाला कमी लेखण्याचे मला काही कारण नाही. पण त्या मागांवर निघणाऱ्या अस्तराच्या कापडावर बऱ्हाणपूरचे नाव कोणी वाचत नाही.

शेजाऱ्यांनी काय केले तेही पाहावे. येवल्या-पैठणच्या पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, सुरतेच्या जरीकामाला मिळाले. म्हणजे पारखीला कायद्याचे बळ मिळाले, चाबकावाचून. मानांकनाने सगळे सुधारते असे नाही. पण गिऱ्हाइकाला विचारण्याचा हक्क मिळतो. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क बघणारे आपण लग्नाची साडी घेताना जर कसली आहे, हे विचारत नाही. दुकानदारही सांगत नाही. आपल्यातली पारख आपण स्वतः सोडली, मग कारागिराने ती कोणासाठी जपावी?

आपल्याकडे उरलेले थोडे नाही. शाही हमामखान्याच्या छतावर रंगकाम आहे, बिलकिस बेगमच्या मकबऱ्यात आहे. कुंडी भंडारा २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. पण इमारतींच्या यादीत कारागिरी येत नाही, ती घरांत असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेली चिनी भांडी कोणालाही पाहता येतात. दोन श्रीमंत माणसांची आवड आज शाळेच्या मुलांची झाली. बऱ्हाणपुरात जरीच्या कामाची एवढीशी खोली नाही, जिथे एखाद्या मुलीला कांडी, जंत्री, बादला आणि कलाबतू क्रमाने मांडलेले दिसतील.

म्हणून शेवटी चार गोष्टी मागतो. ज्यांच्या घरी जुनी जंत्री, तराजू, हातोडी किंवा जरीच्या हिशेबाची वही असेल, त्यांनी ती भंगारात देऊ नये; शाळेला, ग्रंथालयाला, या व्याख्यानमालेला द्यावी. ज्यांनी आजोबांना हे काम करताना पाहिले आहे त्यांचे सांगणे मराठीत, हिंदीत, उर्दूत, ज्या भाषेत ते सांगतील त्या भाषेत यंदाच ध्वनिमुद्रित करून ठेवावे. पुरातत्त्व विभागाकडे आणि महानगरपालिकेकडे एका खोलीची मागणी लेखी करावी. आणि पुढच्या लग्नाच्या हंगामात, बस्ता बांधताना, साडी हातात घेऊन दुकानदाराला एवढे विचारावे: जर खरी आहे का, आणि ती काळी पडणार नाही याची खात्री कोण देतो? हा प्रश्न पोलंडच्या गिऱ्हाइकाने साडेतीनशे वर्षांपूर्वी विचारला आणि त्यावर आपले गाव मोठे झाले. तो आपण विचारू लागलो, तर उत्तर देणारा कारागीरही पुन्हा उभा राहील.